चुली वेगळ्या झाल्या, वाटणी राहिली

हैदराबादच्या आबिड्स चौकातल्या मुख्य टपाल कार्यालयापासून दहा-पंधरा मिनिटे चालले की तिलक रोड लागतो. लोकमान्यांच्या नावाच्या या रस्त्यावर, बोगुलकुंट्याच्या बाजूला, तेलुगू साहित्याची एक जुनी संस्था आहे. १९४३ साली, निजामाच्या राज्यात, ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘आंध्र’ हा शब्द होता, आणि पुढे सात दशके तो तसाच राहिला. तेलंगणा राज्य वेगळे झाल्यावर फलक बदलला. आंध्र सारस्वत परिषदेची आता तेलंगणा सारस्वत परिषद झाली आहे.

इथून थोड्याच अंतरावर, सुलतान बाजारात, श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे १९०१ सालचे ग्रंथालय आहे. ते उभे करणाऱ्यांत कोमर्राजु लक्ष्मणराव होते. ते नागपूरला शिकले आणि मराठीतही लिहीत. त्यांच्या ‘आंध्र’चा अर्थ एवढाच होता: तेलुगू. हैदराबादेत उर्दूच्या छायेखाली दबलेल्या भाषेला त्या शब्दाने मान दिला. शंभर वर्षांत तोच शब्द या शहरात ‘बाहेरून आलेले’ अशा अर्थाने उच्चारला जाऊ लागला. हा प्रवास समजला तर तेलंगणाचा प्रश्न अर्धा समजतो. उरलेला अर्धा दिल्लीने तो प्रश्न कसा हाताळला याचा आहे, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

वाद खरे तर दोन होते. तेलंगणाने आंध्र प्रदेशातून बाहेर पडावे की नाही, हा पहिला. बाहेर पडायचेच तर सरकारने ते कसे घडवून आणावे, हा दुसरा. पहिल्याच्या गदारोळात दुसरा कधी नीट ऐकलाच गेला नाही. रीतीबद्दल कोणी शंका काढली की तो तेलंगणाचा वैरी ठरायचा. मागणी रास्त आहे असे कोणी म्हटले की त्याने २०१४ च्या विभाजनाचा सगळा कारभारही पदरात घेतला असे धरले जायचे. तेलंगणाची मागणी न्याय्य होती असे मी मानतो. केंद्र सरकारने ती ज्या पद्धतीने पार पाडली ती चुकीची होती, असेही मानतो. आणि ही चूक किरकोळ नव्हती.

मराठी वाचकाने या प्रकरणात स्वतःला त्रयस्थ समजू नये. नोव्हेंबर १९२१ मध्ये इथल्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेत निजाम राज्यातली समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेतल्या मराठी मंडळींनी गलका करून त्यांना बोलू दिले नाही. दुखावलेल्या मूठभर तेलुगू मंडळींनी लगोलग एकत्र येऊन आंध्र जनसंघ काढला, आणि त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. त्या मंडळींत माडपाटी हनुमंतराव होते, तसेच बुर्गुल रामकृष्णरावही होते. बुर्गुल पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, मराठी जाणणारे. मला ही हकीकत पन्नाशीत कळली, आणि तीही एका तेलुगू मित्राकडून. एका माणसाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू न देण्याची किंमत किती असते, हे समजायला मला तेवढी वर्षे लागली.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचा मुलकी दाखला आहे. घड्यांवर कागद विरला आहे, उर्दू अक्षरे फिकट झाली आहेत, मोहोर मात्र अजून ठसठशीत आहे. आजोबा नांदेडहून आलेले, महसूल खात्यात कारकून. नांदेड आणि हैदराबाद तेव्हा एकाच राज्यात होते, म्हणून ते मुलकी. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या होत्या. राज्यात जन्मलेला किंवा पंधरा वर्षे राहिलेला तो मुलकी. १९५६ मध्ये नांदेड मुंबई राज्यात गेले. आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा साठीच्या दशकात नोकरीसाठी इथे आला तो गैरमुलकी ठरला. एकाच घरातली दोन माणसे, आणि मधून सरहद्द गेली. तेलंगणातल्या माणसाला मुलकीचा मुद्दा एवढा का झोंबायचा, हे मला त्या पेटीतल्या कागदाने शिकवले. पोटाचा प्रश्न होता तो.

पोलीस अ‍ॅक्शननंतर मद्रास प्रांतातल्या तेलुगू जिल्ह्यांतून शिकलेले नोकरदार मोठ्या संख्येने इथे आले. इंग्रजी त्यांना येत होते, इथल्या तरुणांचे शिक्षण उर्दूत झालेले. १९५२ च्या सप्टेंबरात विद्यार्थी ‘गैरमुलकी चले जाव’ म्हणत रस्त्यावर उतरले. सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला आणि माणसे मेली. मुख्यमंत्री होते तेच बुर्गुल, आणि गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे होते. आपली मराठी माणसे त्या सरकारात होती, हेही लक्षात ठेवावे.

या पार्श्वभूमीवर फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे दुसरे सदस्य. आयोगाचे म्हणणे स्पष्ट होते: तेलंगणाचे ‘हैदराबाद’ नावाचे वेगळे राज्य राहू द्यावे, १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने मागितले तरच ते मद्रासमधून निघालेल्या आंध्र राज्यात विलीन करावे. विदर्भाचेही वेगळे राज्य करावे, असे याच अहवालात होते. दोन्ही शिफारशी बाजूला पडल्या. विदर्भाच्या बाबतीत काय झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. तेलंगणाच्या बाबतीत २० फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी जो करार केला त्याला आजही सगळे ‘जेंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंट’च म्हणतात. तेलंगणाचा वाढीव महसूल तेलंगणातच खर्च व्हावा, नोकऱ्यांत बारा वर्षांच्या रहिवासाची अट असावी, प्रादेशिक समिती असावी, मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा. नेहरूंनी त्या वेळी निजामाबादच्या सभेत या जोडणीला लग्नाची उपमा दिली आणि न पटल्यास काडीमोड घेता येईल असे सूचित केले, ही गोष्ट तेलंगणात तीन पिढ्या सांगितली जाते.

१ नोव्हेंबर १९५६ ला आंध्र प्रदेश राज्य झाले. नीलम संजीव रेड्डी मुख्यमंत्री झाले आणि तेलंगणाचा उपमुख्यमंत्री त्यांनी नेमला नाही. ते पद म्हणजे हाताचे सहावे बोट, असे त्यांचे मत होते. पुढे उपमुख्यमंत्री नेमले गेले, समित्याही बसल्या. पण कराराचा पहिला मोठा शब्द पहिल्याच दिवशी मोडला होता, आणि तो मोडला म्हणून दाद मागायची कुठे, याचे उत्तर करारात नव्हते. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. कराराला पंच नव्हता. दिल्ली पंच होऊ शकली असती. तिने साक्षीदार होऊन निघून जाणे पसंत केले.

१९६९ मध्ये वेगळ्या राज्यासाठी विद्यार्थी पुन्हा उठले. विधानसभेसमोर गन पार्कमध्ये जे हुतात्मा स्मारक आहे ते त्याच आंदोलनात पडलेल्यांचे. त्यांची संख्या तेलंगणात ३६९ सांगितली जाते. तेलंगणाचा वाढीव महसूल किती वळवला गेला हे मोजायला त्या वर्षी दोन समित्या बसल्या. ललित समितीचा आकडा सुमारे ३४ कोटी रुपयांचा आला, न्यायमूर्ती भार्गव समितीचा सुमारे २८ कोटींचा. बारा वर्षांचा हिशेब दोन तज्ज्ञ समित्यांना सारखा लागत नाही, याचा अर्थ तो कोणी ठेवलाच नव्हता. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत चेन्ना रेड्डींच्या तेलंगणा प्रजा समितीने तेलंगणातल्या चौदापैकी दहा जागा जिंकल्या. सार्वमत याहून स्पष्ट काय असते? काही महिन्यांतच पक्ष काँग्रेसमध्ये विसर्जित झाला.

मग उलटेच घडले. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले आणि किनारपट्टीचा आंध्र पेटला. ‘जय आंध्र’ आंदोलनाची मागणी होती: आम्हालाच वेगळे करा. चाळीस वर्षांनी ज्या प्रदेशाने अखंडतेसाठी जिवाचे रान केले, त्याच प्रदेशाने तेव्हा फुटून निघण्यासाठी रेल्वे रोखल्या. तेव्हाच्या विद्यार्थी नेत्यांत वेंकय्या नायडू होते. त्या वणव्यात मुख्यमंत्रिपद गेले ते पी. व्ही. नरसिंह रावांचे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारा हा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा झाला. १९७३ ला सहा कलमी सूत्र आले, घटनेत ३७१-ड हे कलम आले, मुलकी नियम गेले आणि नोकऱ्यांसाठी विभाग पाडले गेले. त्या विभागांचेही उल्लंघन होत राहिले म्हणून १९८५ मध्ये सरकारला ६१० क्रमांकाचा आदेश काढून बाहेरच्यांना परत पाठवण्याचे ठरवावे लागले, आणि तो आदेशही बहुतांशी कागदावर राहिला. तेलंगणातल्या माणसाला दिल्लीच्या प्रत्येक नव्या समितीत चालढकलच दिसायची, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

आता २००९. २९ नोव्हेंबरला तेलंगणाचे नेते चंद्रशेखर राव यांचे वेगळ्या राज्यासाठी उपोषण सुरू झाले, उस्मानिया विद्यापीठ पेटले. ९ डिसेंबरच्या रात्री गृहमंत्री चिदंबरम यांनी तेलंगणा राज्याच्या निर्मितीची प्रक्रिया सुरू होईल असे जाहीर केले. आबिड्सच्या चौकात त्या रात्री नेहरूंच्या पुतळ्याभोवती मुलांनी गुलाल उधळला. तो रंग सकाळी फूटपाथच्या फटींत साचलेला मी पाहिला. आमदारांच्या राजीनाम्यांची रांग राज्याच्या उरलेल्या भागात, म्हणजे किनारी आंध्र आणि रायलसीमेत, लागली आणि २३ डिसेंबरला तेच गृहमंत्री व्यापक विचारविनिमय हवा म्हणाले. चौदा दिवसांत सरकारने दोन्ही प्रदेशांचा विश्वास गमावला. एकाला वाटले आपल्याला न विचारता दिले, दुसऱ्याला वाटले दिलेले काढून घेतले. त्या काळात कोवळ्या मुलांनी जीव दिले. त्यांच्या आयांना मी गन पार्कवर पाहिले आहे. रीतीचा प्रश्न हा वकिलांचा बारीकसारीक प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते चौदा दिवस आठवावेत.

फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हेच न्यायमूर्ती. महाराष्ट्रात त्यांच्या नावाचा दबदबा आहे. समितीने लाखावर निवेदने घेतली, जिल्हे पालथे घातले आणि वर्षाअखेर सहा पर्याय मांडले. सर्वांत पसंतीचा पर्याय राज्य एकत्र ठेवून तेलंगणाला वैधानिक प्रादेशिक मंडळ देण्याचा होता. दुसऱ्या पसंतीचा, हैदराबादसह तेलंगणा वेगळे करण्याचा, पण तोही अटळ झाला तर आणि तिन्ही प्रदेशांच्या सामोपचाराने. आकड्यांनी समितीने एक अप्रिय सत्यही दाखवले: अनेक निकषांवर सर्वांत मागे रायलसीमा होती. अहवालाचा कायदा-सुव्यवस्थेवरचा आठवा भाग मात्र गुप्त ठेवला गेला, आणि उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याबद्दल कडक ताशेरे ओढले. जे मंडळ १९५६ पासून मोडत आले तेच पुन्हा देऊ करणे तेलंगणाला मान्य होणे शक्यच नव्हते. तरीही ‘सामोपचाराने’ हा त्या अहवालातला सर्वांत मोलाचा शब्द होता. सरकारने पर्याय निवडला आणि तो शब्द तिथेच ठेवला.

मार्च २०११ चा मिलियन मार्च, त्यानंतर ४२ दिवसांचा सकल जनुल सम्मे म्हणजे सर्व थरांचा संप, आणि शेवटी ३० जुलै २०१३ ला काँग्रेस कार्यकारिणीचा तेलंगणाच्या बाजूचा ठराव. यावेळी आग दुसरीकडे लागली. आंध्र-रायलसीमेतले सरकारी कर्मचारी दोन महिन्यांवर संपावर होते. ७ सप्टेंबर २०१३ ला त्यांनी आबिड्सला लागूनच असलेल्या एल. बी. स्टेडियममध्ये अखंड आंध्र प्रदेशासाठी सभा घेतली. त्याच दिवशी तेलंगणा कृती समितीने शहर बंद पुकारला होता. आमच्या गल्लीतून स्टेडियमचा कर्णा ऐकू येत होता आणि दुकानांची शटर्स खाली होती. माझ्या शेजारी गुंटूरचे एक शिक्षक राहत, तीस वर्षे इथेच. सभेला जावे की नाही या विचारात ते दाराशी चप्पल घालून उभे राहिले, मग चप्पल काढून आत गेले. तेलंगणाविरुद्ध त्यांच्या मनात काही नव्हते. त्यांना एवढेच विचारायचे होते की निवृत्तिवेतन कोणत्या राज्याचे, मुलीचा स्थानिक दाखला कुठला. उत्तर देणारे कोणी नव्हते.

किनारपट्टीच्या माणसाची एक जखम इथे लोक समजून घेत नाहीत. १९५३ ला त्याने मद्रास शहर सोडून राज्य मिळवले, उपोषणात पोट्टी श्रीरामुलूंचा जीव देऊन. कर्नूलच्या तंबूंत तीन वर्षे काढली. मग हैदराबाद. २०१४ ला तेही गेले. साठ वर्षांत तीनदा राजधानी बदलणारा दुसरा प्रदेश भारतात सांगता येणार नाही. त्यात रायलसीमेचे दुखणे निराळेच: १९३७ च्या श्रीबाग करारात राजधानी किंवा उच्च न्यायालय यांपैकी एक आपल्याकडे येईल हा शब्द तिला मिळाला होता. २०२० मध्ये आंध्रात तीन राजधान्यांचा कायदा आला तेव्हा रायलसीमेतल्या कर्नूलला न्यायालय देण्यामागे हीच जुनी आठवण होती. विभाजनाच्या वादात हैदराबाद केंद्रशासित करण्याची मागणीही पुढे आली; डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये या शहराला देशाची दुसरी राजधानी करण्याचे सुचवले होते, त्याचा आधार तेव्हा अनेकांनी घेतला. मला ती मागणी पटली नाही. राजधानीशिवाय राज्य देणे म्हणजे घर देऊन उंबरा काढून घेणे.

या प्रकरणाचे शेवटचे तीन महिने मात्र माफ करण्याजोगे नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये विभाजनाचे विधेयक मतासाठी विधानसभेकडे आले. सदस्यांनी नऊ हजारांवर दुरुस्त्या सुचवल्या. चर्चा अर्धवट असताना ३० जानेवारी २०१४ ला विधानसभेने आवाजी मतदानाने ते फेटाळले. राज्याचा मुख्यमंत्री आपल्याच पक्षाच्या केंद्र सरकारविरुद्ध उभा होता. कायद्याच्या दृष्टीने याने काही अडत नव्हते. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याचे मत फक्त विचारायचे असते, आणि ते बंधनकारक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितले आहे. तो खटला आपलाच: द्वैभाषिक मुंबई राज्याला आव्हान देणारा बाबुलाल पराते खटला. पण कायद्याने चालते म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही. नऊ हजार दुरुस्त्यांतल्या नऊशे तरी पाण्याच्या, नोकऱ्यांच्या, देण्याघेण्याच्या असणार. त्या वाचायला कोणी बसले नाही.

१३ फेब्रुवारीला लोकसभेत विधेयक मांडले जात असताना एका सदस्याने मिरपूड फवारली. खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले. १८ फेब्रुवारीला ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, आणि त्या वेळी सभागृहाचे थेट प्रक्षेपण बंद पडलेले होते. आठ कोटींवर लोकांचे राज्य विभागले जात होते आणि त्यांच्या घरातले पडदे काळे होते. त्या संध्याकाळी आबिड्समध्ये फटाके वाजले. मीही आनंदात होतो, आणि तरी मनात खट्टू झालो. साठ वर्षांच्या लढ्याचा निर्णय उजेडात, मते मोजून व्हायला हवा होता. मते होती, भाजपचाही पाठिंबा होता. मग मोजली का नाहीत?

दोन दिवसांनी राज्यसभेत पंतप्रधान मनमोहन सिंगांनी उर्वरित आंध्रला पाच वर्षे विशेष दर्जा देण्याची घोषणा केली. वेंकय्या नायडूंनी दहा वर्षे मागितली. घोषणा तोंडी होती, विधेयकात तिचे कलम घातले नाही. पुढचे सगळे रामायण त्या एका गोष्टीने घडले. नव्या सरकारने २०१६ मध्ये दर्जाऐवजी विशेष साहाय्य देऊ केले, २०१८ मध्ये तेलुगू देशमने त्यावरून केंद्राची साथ सोडली आणि अविश्वास ठरावही आणला. जेंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंटचीच ही पुनरावृत्ती होती, यावेळी फसलेली बाजू दुसरी.

सरकारच्या बाजूने जे म्हटले जाते तेही सांगायला हवे. लोकसभेची मुदत संपत होती. विधेयक पडले असते तर पुन्हा शून्यापासून सुरुवात, पुन्हा तरुणांचे बळी. सहमती येणारच नव्हती, कारण हैदराबादच्या बदल्यात देता येईल असे काही नव्हते. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि तेलंगणातले बहुतेक मित्र तो मांडतात. माझे उत्तर एवढेच की घाई शेवटच्या तीन महिन्यांत झाली, पण हातात २००९ पासूनची चार वर्षे होती. राज्य द्यायचे की नाही हे ठरवायला ती खर्ची पडली. द्यायचे झाल्यास कसे, यावर एकही टेबल मांडले गेले नाही.

१०८ कलमे आणि १३ परिशिष्टांचा कायदा झाला. २ जून २०१४ ला तेलंगणा आले. कर्ज आणि बऱ्याचशा मालमत्तेसाठी ५८.३२ विरुद्ध ४१.६८ हे लोकसंख्येचे प्रमाण ठरले. नवव्या परिशिष्टात सरकारी कंपन्या आणि महामंडळे, दहाव्यात प्रशिक्षण संस्था. संस्था जिथे आहे त्या राज्याची की दोघांची, तिची मुख्यालयाची इमारत कोणाची, ‘मुख्यालय’ म्हणजे नेमके काय, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. उच्च शिक्षण मंडळाच्या बँक खात्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये निकाली निघाला. नवव्या परिशिष्टासाठी शीला भिडे यांची समिती, नोकरदारांसाठी कमलनाथन यांची समिती. वीज कंपन्यांतल्या अकराशेंवर आंध्र मूळच्या कर्मचाऱ्यांना तेलंगणाने जून २०१५ मध्ये मोकळे केले आणि आंध्रने घेतले नाही. पगारासाठी ही माणसे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारींना एकेकाचे नाव घेऊन वाटप करावे लागले. उच्च न्यायालय विभागायला २०१९ उजाडले, आणि तेही कसे? २६ डिसेंबर २०१८ ला आदेश, १ जानेवारीपासून नवे न्यायालय. साडेचार वर्षांचा विलंब आणि सहा दिवसांची धांदल. १८ फेब्रुवारीची रीत पुन्हा तशीच दिसली.

पोलावरम धरणासाठी खम्मम जिल्ह्यातली सात मंडले अध्यादेशाने आंध्रात गेली. भद्राचलमचे राममंदिर तेलंगणात राहिले, देवस्थानची जमीन आंध्रात गेली. कृष्णेच्या पाण्याचे तर विचारू नये. बचावत लवादाने अखंड आंध्रला दिलेले ८११ टीएमसी दोघांत कसे वाटायचे हे कायद्याने सांगितलेच नाही. २०१५ मध्ये ५१२ आणि २९९ अशी तात्पुरती सोय झाली, आणि नंतरच्या दुसऱ्या लवादाला नव्या अटींवर वाटपाचे काम सोपवायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरच्या रात्री, तेलंगणात मतदान उजाडायच्या आधी, आंध्रचे पोलीस नागार्जुनसागर धरणावर चढले आणि २६ पैकी १३ दरवाजांचा ताबा घेतला. एकाच धरणावर दोन राज्यांचे पोलीस समोरासमोर, मध्ये काटेरी तार. शेवटी केंद्रीय राखीव दल आणावे लागले. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीच्या अंगावर हे घडले.

बाहेरच्या जगाशी तुलना करताना सावध राहायला हवे, कारण तिथे देश फुटतात आणि इथे देश एकच राहतो. तरी काही शिकता येते. झेक आणि स्लोव्हाक पुढाऱ्यांनी १९९२ मध्ये सार्वमत घेतलेच नाही, लोकांना ते खटकलेही. पण मालमत्ता दोनास एक या प्रमाणात वाटायची हे आधी ठरवले, आणि १ जानेवारी १९९३ ला दोन देश झाले. ब्रिटनने उलटे केले. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचे ठरवले आणि मग कसे बाहेर पडायचे यावर साडेतीन वर्षे देश भांडला. जानेवारी २०१९ मध्ये सरकारचा करार संसदेने २३० मतांच्या फरकाने धुडकावला. लोक त्या गोंधळाला हसले. मला मात्र हेवा वाटला. तिथे प्रत्येक कलम दिव्याखाली वाचले गेले, प्रत्येक खासदाराचे मत नावानिशी नोंदले गेले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकविषयी सांगितले ते मला सर्वांत न्याय्य वाटते: स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळाले तर उरलेल्या देशावर वाटाघाटींना बसण्याचे बंधन येते. दोन्ही बाजूंना सारखेच बांधणारा नियम. आपल्या तिसऱ्या कलमात तसे काही नाही.

आपल्याकडेही चांगली उदाहरणे आहेत. मुंबई महाराष्ट्राला राहिली, म्हणून १९६० च्या पुनर्रचनेत गुजरातच्या नव्या राजधानीसाठी आणि सुरुवातीच्या तुटीसाठी महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले, आणि ते कायद्याच्या व्यवस्थेत बसवले गेले. २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड झाले ते मूळ राज्यांच्या विधानसभांचा होकार घेऊन. वाईट उदाहरण मराठवाड्याचे. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने अटी न घालता महाराष्ट्रात येणे पत्करले. १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाची हमी दिली, घटनेत ३७१(२) आले, वैधानिक मंडळे व्हायला १९९४ उजाडले आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. तेलंगणाने अटी घातल्या आणि त्या मोडल्या गेल्या; मराठवाड्याने घातल्या नाहीत आणि त्याचा अनुशेष राहिला. हैदराबाद संस्थानाची ही दोन भावंडे मुंबईला आणि आंध्रच्या अमरावतीला सारखेच काही सांगू शकतात.

म्हणून विदर्भातल्या मित्रांना या शहरातून विनंती करतो. वेगळ्या राज्याची मागणी करायची तर जरूर करा, ती मागणी फाजल अलींइतकी जुनी आहे. पण घोषणेची तारीख मागण्याआधी यादी मागा: वैनगंगा-पैनगंगेच्या पाण्याची, सिंचन महामंडळांच्या कर्जाची, नोकरदारांच्या पदांची, मुंबईत बसलेल्या प्रत्येक मंडळाच्या इमारतीची. आणि ती यादी विधेयकाच्या परिशिष्टात छापून घ्या, पंतप्रधानांच्या भाषणात नको.

२ जून २०२४ ला संयुक्त राजधानीची कायद्यातली दहा वर्षे संपली आणि हैदराबाद फक्त तेलंगणाची राजधानी उरली. ६ जुलैला दोन्ही मुख्यमंत्री, चंद्राबाबू नायडू आणि रेवंत रेड्डी, हैदराबादच्या प्रजाभवनात एका टेबलाशी बसले आणि नवव्या-दहाव्या परिशिष्टांचे राहिलेले प्रश्न सोडवायला अधिकाऱ्यांची समिती, मग मंत्र्यांची समिती, असे ठरले. ते टेबल २०१३ च्या हिवाळ्यात दिल्लीत मांडायला हवे होते. मांडले गेले नाही, आणि त्याची जबाबदारी तेव्हाच्या केंद्र सरकारची आहे.